विजयातील दैवाचा वाटा

१४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना अखेरच्या षटकात येऊन ठेपला असता एक विलक्षण घटना घडली. दुसरी धाव पुरी करण्यासाठी सूर मारणाऱ्या बेन स्टोक्सच्या बॅटवर न्यूझीलंडच्या क्षेत्ररक्षकाची फेक आदळली, चेंडू सीमापार गेला आणि इंग्लंडच्या खात्यात सहा धावा जमा झाल्या. सामना प्रत्येकी २४१ धावांवर बरोबरीत सुटला. जादा षटकातही दोघांच्या १५ धावाच झाल्या. अखेर चौकार-षटकारांची संख्या अधिक, एवढ्याच निकषावर इंग्लंड जगज्जेते ठरले. तीन महिन्यांतच तो नियम मोडीत निघाला. त्या दिवशी दोन संघांच्या कौशल्यात कितीसे अंतर होते? मोजता येईल एवढेही नव्हते, हेच प्रामाणिक उत्तर होय.

परंतु निकाल लागला की आपल्याला असे उत्तर रुचत नाही. जिंकला तो थोर आणि हरला तो नादान, असा आपला सरळ हिशेब असतो. हा हिशेब कितपत न्याय्य आहे, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

दैवाचा वाटा सर्व खेळांत सारखा नसतो. बास्केटबॉलमध्ये व्यावसायिक संघ एका सामन्यात शंभरावर गुण मिळवितो. संधी इतक्या येतात की एखादा अपघात त्यांत विरून जातो. फुटबॉलमध्ये दोन-तीन गोलांवर निकाल ठरतो. तेथे खांबाला लागून परतलेला एकच चेंडू बलाढ्य संघाला लोळवू शकतो. अमेरिकेतील बेसबॉलचे संघ एका मोसमात १६२ सामने खेळतात, ते उगाच नव्हे. नाणे दहादा उडविले तर आठ वेळा छाप पडणे शक्य आहे; हजारदा उडविले तर आठशे वेळा पडणार नाही.

याहून मौजेची गोष्ट अशी की, कौशल्य जसजसे सर्वत्र वाढते, तसतसे दैवाचे महत्त्व कमी न होता वाढते. मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला. पंधरा वर्षे कोणाचेही नशीब जोरावर नसते. ते निर्विवाद श्रेष्ठत्वच होते. पुढे कर्नाटक तुल्यबळ झाले आणि १९७३-७४ च्या उपान्त्य सामन्यात पाय घसरून अजित वाडेकरांचे धावबाद होणे मुंबईला भोवले. बळ समसमान झाले की असा निसरडा क्षणच तराजू झुकवितो.

या सत्याकडे पाठ फिरविली की अन्याय घडतो. इंग्लंडमधील लेस्टर सिटी या फुटबॉल संघाने २०१६ साली प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा मोसमापूर्वी त्या शक्यतेवर पाच हजारास एक असा भाव होता. प्रशिक्षक रानिएरी यांना लोकांनी डोक्यावर घेतले. अवघ्या नऊ महिन्यांनी संघ घसरताच त्यांना पदच्युत करण्यात आले. नऊ महिन्यांत मनुष्याची बुद्धी का आटते? आदल्या वर्षी अनुकूल असलेले वारे फिरले, याचाही त्यात वाटा होता, हे मान्य करण्याचे धैर्य व्यवस्थापनाला झाले नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये सलग दहा सामने जिंकून अहमदाबादच्या अंतिम सामन्यात उतरलेला भारतीय संघ ऑस्ट्रेलियाकडून पराभूत झाला. तो विजय केवळ दैवाचा नव्हता. ट्रॅव्हिस हेडच्या १३७ धावा काही आकाशातून पडल्या नाहीत. पण एका संध्याकाळच्या अपयशाने आधीची दहा यशे खोटी ठरत नाहीत. तीन तासांच्या एका उत्तरपत्रिकेवरून विद्यार्थ्याची वर्षभराची मेहनत तोलणाऱ्या आपल्या समाजाला हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

याचा अर्थ प्रयत्न व्यर्थ आहेत, असा मुळीच नव्हे. दैव ज्या उंबरठ्यावर निवाडा करते, तेथवर पोहोचविण्याचे काम कौशल्यच करते. गीतेनेही कार्यसिद्धीची पाच कारणे सांगताना दैवाला पाचवे स्थान दिले आहे. त्याला पहिले मानले नाही, तसेच वगळलेही नाही. हा क्रम ध्यानात ठेवला, तर जेत्याच्या अंगी थोडी नम्रता येईल आणि पराजिताच्या वाट्याला थोडा न्याय.