जखऱ्याचा ‘ऱ्य’

दैनिक मननाच्या पुस्तिकेचे दुसरे प्रूफ आले की लहानशा ख्रिस्ती प्रकाशन संस्थेत दोन माणसे टेबलाशी समोरासमोर बसतात. एकाच्या हाती लेखकाचे मूळ हस्तलिखित, दुसऱ्याच्या हाती प्रूफ आणि लाल पेन. पहिला मोठ्याने वाचतो, आणि नुसते शब्द वाचत नाही. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, ‘दीन’ला दुसरी वेलांटी, असे सगळे उच्चारत जातो. डोंगरावरच्या प्रवचनाच्या आरंभी ज्यांना धन्य म्हटले आहे ते ‘दीन’ पहिल्या वेलांटीने ‘दिन’ झाले, तर नम्र माणसांच्या जागी दिवस येऊन बसतो. वचनांचे संदर्भ तर आकडा आकडा करून वाचले जातात. ‘१ योहान ३:१६’ यातला पहिला एक गळला की वाचक पत्राऐवजी शुभवर्तमान उघडतो. तिथेही त्याच क्रमांकाचे वचन असतेच, आणि तेही प्रीतीविषयीच असते. त्यामुळे ही चूक कुणाला खटकतही नाही. मननाचा धागा मात्र तुटलेला असतो. अशी तीनशे पासष्ट पृष्ठे वाचायची असतात.

त्याहून चिवट प्रकार मराठीतल्या अर्ध्या ‘ऱ’चा. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना हा ‘ऱ’ हटकून दगा देतो. तो दोन प्रकारे टंकता येतो. त्यातल्या एका प्रकारात एक न दिसणारे चिन्ह मध्ये घालावे लागते, आणि एका प्रणालीतून दुसरीत जाताना ते गळून पडले की ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. जुन्या करारातला संदेष्टा जखऱ्या मग ‘जखर्या’ होऊन बसतो. हे निदान डोळ्यांना दिसते. पण ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झाले तर? डोंगरांमधल्या दऱ्या भरून काढण्याविषयीच्या वाक्यात समुद्र शिरतो, आणि शुद्धलेखन तपासणारी संगणक प्रणाली ते निमूटपणे पुढे जाऊ देते, कारण ‘दर्या’ हाही शुद्धच शब्द आहे. इथे माणूसच लागतो. तोही मराठी कानाचा, आणि त्या वाक्यात काय असायला हवे हे आधीपासून ठाऊक असलेला.

हे इतके तपशिलात सांगायचे कारण असे की, ख्रिस्ती प्रकाशनाचे काम म्हटले की बाहेरच्याच नव्हे, आतल्याही लोकांच्या डोळ्यांसमोर प्रार्थना, प्रवचने आणि पुस्तकांचे मोफत वाटप येते. लाल पेन येत नाही. संस्थेच्या अहवालात किती प्रती गेल्या हे छापले जाते, किती चुका काढल्या हे छापले जात नाही. आणि काम अंगावर आले, मुदत जवळ आली की एक वाक्य हमखास ऐकू येते: देवाचे काम आहे, लोक समजून घेतील. माझे म्हणणे या वाक्याच्या नेमके विरुद्ध आहे. देवाचे काम आहे म्हणूनच लोकांवर समजून घेण्याची वेळ येता कामा नये. या संस्थांतली सेवा प्रूफात, संदर्भाच्या तपासणीत आणि शब्दाच्या निवडीतच असते. तिथे ती नसेल तर सकाळच्या प्रार्थनेने ती भरून निघत नाही.

मराठीत ख्रिस्ती प्रकाशनाने जिथे जिथे खरोखर काही उभे केले, तिथे कारागिरीचा हा हट्ट दिसतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोलला छापले गेले तेव्हा देवनागरी खिळे हाताशी नव्हते. ओवी मराठी, लिपी मात्र रोमन. आशय असला तरी अक्षराचे साधन नसले की काय होते याचा तो पहिला धडा. विल्यम केरी यांनी सेरामपूरहून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण देवनागरीत छापले आणि १८१० मध्ये मराठी कोश मोडी लिपीत प्रसिद्ध केला. म्हणजे ग्रंथाआधी अक्षर आणि शब्द यांची सोय लावली. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये थॉमस ग्रॅहॅम यांनी १८३० च्या दशकात देवनागरी खिळे घडवण्यावर मेहनत घेतली. त्याच छापखान्यात लहानपणी कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये स्वतःचा टाइप कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभारला. पुढे अनेक पिढ्यांनी संस्कृत ग्रंथ, पुराणे आणि काव्ये निर्णयसागरी अक्षरात वाचली. मिशनच्या छापखान्यातली शिस्त ही अशी अनपेक्षित वाटेने साऱ्या मराठी-संस्कृत छपाईच्या कामी आली. पत्रके वाटून हे झाले नसते. खिळ्याची कड नीट घासायला शिकलेल्या हातांमुळे झाले.

पण सर्वांत बोलके उदाहरण केडगावचे. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी एकहाती केले. ते केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापले जात होते, आणि खिळे जुळवणे, छपाई, बांधणी ही कामे तिथल्या बाया-मुली करीत होत्या. ज्यांना घराबाहेर कुणी विचारत नव्हते, त्यांच्यातल्या कितीतरी जणी उलटे अक्षर सुलटे वाचायला शिकल्या, कारण जुळारी खिळे उलटेच वाचतो. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. भाषांतर साध्या बाईला समजावे हा त्यांचा आग्रह होता, आणि त्यासाठी रुळलेले संस्कृत शब्द बाजूला सारायलाही त्या कचरल्या नाहीत.

इथे कुणी म्हणेल, आणि ते रास्तही आहे, की एवढी कारागिरी करून काय झाले? रमाबाईंचे भाषांतर बहुतेक मंडळ्यांच्या उपासनेत रुळले नाही. लोक सवयीच्या भाषांतराकडेच वळले. खरे आहे. चोख काम लोकप्रिय होतेच असे नाही, आणि मीही तसा दावा करीत नाही. पण त्या पुस्तकाला आज कुणी हात लावला तर एका बाईने कोणता शब्द का टाळला आणि कोणता का घेतला, याचा माग पानोपानी लावता येतो. लोकप्रियता गेली तरी काम शिल्लक राहिले. गबाळ्या कामाला ही दुसरी संधी मिळत नाही.

शब्दनिवडीचे हे ओझे आजच्या संपादकाच्या टेबलावरही तसेच आहे. ‘तारण’ हा प्रोटेस्टंट मराठीतला मध्यवर्ती शब्द. सोनारपेठेतून जाणाऱ्या कोणत्याही मराठी माणसासाठी मात्र तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेले सोने. ‘मंडळी’ म्हणजे विश्वासणाऱ्यांचा समुदाय. पण घराघरांत मंडळी म्हणजे जमलेली माणसे, किंवा घरची लक्ष्मी. वसईच्या कॅथलिक वाचकाला ‘क्रूस’ आणि ‘ख्रिस्तसभा’ हे शब्द जवळचे, तर अहिल्यानगर-जालन्याकडच्या प्रोटेस्टंट घरात ‘वधस्तंभ’ आणि ‘मंडळी’. स्तोत्रांचे क्रमांकसुद्धा जुन्या लॅटिन परंपरेत बहुतेक ठिकाणी एकाने मागे पडतात. मेंढपाळाचे तेविसावे स्तोत्र तिथे बाविसावे असते. बायबलमधली पुस्तके एकीकडे ६६, दुसरीकडे ७३. मग एकच पुस्तिका दोघांना कशी द्यायची? सरळ उत्तर नाही. चांगला संपादक ‘तारण’ काढून टाकत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्या शब्दाला लोकांनी जीव लावला आहे. पण त्याच्या आधीचे वाक्य तो असे रचून घेतो की नव्या वाचकाला सोनाराचे दुकान आठवू नये. हे काम लेखकाच्या नावावर जाते. जाऊ द्यावे.

जुन्या गीतांचे पुनर्मुद्रण हा आणखी एक कस. १९६२ च्या लेखननियमांनी मराठीतले न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ झाले. गद्यात ‘तूं’चे ‘तू’ आणि ‘नाहीं’चे ‘नाही’ करून टाकता येते. पद्यात वेलांटी बदलली की मात्रा बदलते आणि पेटीवर बसणाऱ्याचा हात अडखळतो. म्हणून प्रत्येक कडवे चालीवर म्हणून पाहावे लागते. एका टेबलाशी कुणी गुणगुणते आहे आणि शेजारच्या टेबलावर कागदाच्या दराची चौकशी चालली आहे, हे अशा कार्यालयातले नेहमीचे दृश्य.

कागदाचा दर आला की सर्वांत कठीण आक्षेप समोर येतो. तीन-चार माणसांच्या संस्थेला हे सगळे परवडायचे कसे? पुस्तिकेचे गणित पाहा. फर्मा सोळा पृष्ठांचा. चोवीस फर्म्यांची ३८४ पृष्ठे होतात. त्यांतली ३६५ मननाची, उरलेल्या एकोणिसांत शीर्षकपृष्ठ, हक्कपृष्ठ, प्रस्तावना, सूची. प्रस्तावना एका पृष्ठाने वाढली तर सगळ्या छपाईला नवा फर्मा जोडावा लागतो. पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागदावर तो भरावाच लागतो आणि परत मिळत नाही. मागच्या वर्षीचा मजकूर तसाच उचलावा तर ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान फिरत असतो: २०२४ मध्ये ३१ मार्च, २०२५ मध्ये २० एप्रिल. पवित्र सप्ताहाची पाने दर वर्षी हलवावी लागतात आणि प्रत्येक हलवाहलवीत तारीख चुकण्याची नवी जागा तयार होते. पुस्तिका नाताळाआधी खेड्यात पोचायची तर ती छापखान्यात जाते ती नेमकी दिवाळी अंकांच्या आणि कॅलेंडरांच्या धामधुमीत, जेव्हा छोट्या गिऱ्हाइकाला मशीन मिळणे मुश्किल. अशा वेळी तिसरे प्रूफ गाळावे असे कुणालाही वाटेल.

ही अडचण खोटी नाही. पण ती दूर करण्याचा जो मार्ग सर्रास निवडला जातो तो मला मान्य नाही. तो मार्ग म्हणजे माणसांच्या पगारात काटकसर आणि तिला त्यागाचे नाव. मुद्रितशोधन जाणणारा माणूस तुटपुंज्या मानधनावर किती वर्षे टिकेल? तो गेला की त्याच्याबरोबर वीस वर्षांचा कान जातो, आणि येणारा नवा उमेदवार ‘दर्या’ तसाच सोडतो. स्वतःहून केलेला त्याग मोठाच असतो. दुसऱ्याकडून करवून घेतलेला त्याग ही फक्त कमी मजुरी असते. वर्षाला बारा पुस्तके काढण्याऐवजी सात काढावीत, पण त्या सातांना तिसरे प्रूफ आणि ते वाचणाऱ्याला पुरेसा पगार मिळावा. पुस्तकांची संख्या कमी झाली म्हणून सेवा कमी झाली असे मानण्याचे कारण नाही.

आता सगळे मोबाइलवर आहे, मग कागदासाठी हा आटापिटा कशाला, असेही विचारले जाते. बायबल मोबाइलवर आले ही चांगलीच गोष्ट आहे. पण मोबाइलवरचा मजकूरही कुणाला तरी तपासावाच लागतो. उलट तिथे चूक एका झटक्यात हजारो ठिकाणी पोचते, आणि गळलेला ‘ऱ’ तर मुळात संगणकाचाच रोग आहे. शिवाय कौटुंबिक प्रार्थनेत आजी मोठ्याने वाचते ते अजूनही मोठ्या टाइपातल्या पुस्तकातूनच. तेच पान ती वर्षानुवर्षे वाचते, नातवंडांकडून पाठ करून घेते. बातमीतली चूक दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. इथली चूक पाठ होते. वाचक उदार असतो, चुका पोटात घालतो, हे म्हणणे मला म्हणूनच पटत नाही. तो उदार असतो, पण छापलेल्या चुकीलाच बरोबर समजून चालतो.

जे या श्रद्धेचे नाहीत ते विचारतील की हा ख्रिस्ती लोकांच्या घरातला प्रश्न, मराठीला त्याचे काय? धर्मप्रसाराच्या हेतूबद्दल त्यांची नाराजी असू शकते, आणि तो वाद जुना आहे. पण भाषेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ नियतकालिक, बाबा पदमनजींची १८५७ ची ‘यमुनापर्यटन’ कादंबरी, आणि आपल्या काळात ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन १९८३ पासून दोन तपे करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि जे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे सगळे मराठीच्याच खात्यात जमा आहे. मासिकाच्या टेबलावर दर महिन्याला मराठी वाक्य घासूनपुसून घेणाऱ्या माणसाला ते अध्यक्षपद मिळाले, हे विसरू नये.

अशा कार्यालयात बहुधा एका कपाटाच्या खालच्या कप्प्यात प्रत्येक पुस्तकाची एक प्रत वेगळी ठेवलेली असते. मुखपृष्ठावर पेनाने ‘दुरुस्ती प्रत’ असे लिहिलेले. पोस्टकार्डावर, फोनवर, रविवारच्या उपासनेनंतर कुणी चूक दाखवली की ती त्या प्रतीत त्या पानावर नोंदली जाते, समासात तारीख टाकली जाते, आणि पान वरून दुमडले जाते. पुढच्या आवृत्तीला पैसे कधी जमतील हे ठरलेले नसते. दुमडलेली पाने वाढत जातात, पुस्तक वरच्या बाजूने फुगत जाते, आणि संध्याकाळी कपाट बंद करणारा दार लागावे म्हणून ते हाताने दाबून सारखे करतो.