राक्षस हिरवा का? : खलनायकाचा चेहरा आणि आपलं गृहीतक

गिरगावातल्या आमच्या चाळीत गणपतीत मुलांचं नाटक व्हायचं. राक्षस कोण होणार, हे तालमीआधीच ठरलेलं असायचं. मी! कारण मी सावळा. तेव्हा मजा वाटायची. पुढे कॉमिक्समधले खलनायक कसे दिसतात यावर वाचायला लागलो, तेव्हा निष्कर्ष डोक्यात तयारच होता: ‘आपल्याकडे वाईट माणूस काळा रंगवतात.’ निष्कर्ष आधी आणि पुरावा नंतर, असं केलं की काय होतं ते आज बघू.

काय बदललं?

एकच पात्र धरा, रावण. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये आपल्या गिरगावातच सुरू झाला. रविवर्मांच्या ‘जटायुवध’ चित्रातला रावण एकाच तोंडाचा, मिशीवाला, हातात तलवार घेतलेला माणूस आहे. १९६७ साली मुंबईत अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. त्यातल्या असुरांचे सुळे, जाड भुवया, गडद कातडी आपल्या पिढीलाही पाठ आहे. २०११ पासून आलेल्या ‘रावणायन’मध्ये तर रावण मध्यवर्ती पात्र झाला, पिळदार शरीराचा योद्धा. म्हणजे माणूस, मग राक्षस, मग जवळजवळ नायक.

छान रेघ दिसते ना? इथेच थांबा. तीन वेगळ्या माध्यमांतले तीन नमुने जोडून काढलेली रेघ म्हणजे ट्रेंड नव्हे.

का बदललं?

अमर चित्र कथेचे पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. अकरावा ‘कृष्ण’, चित्रं राम वाईरकरांची. सुरुवातीच्या अंकांत पैशांअभावी पिवळा, निळा, हिरवा एवढेच रंग वापरले जायचे. पूर्ण रंगीत छपाई नंतर आली. आता जुन्या अंकात हिरवा राक्षस दिसला, तर तो चित्रकाराच्या मनातला पूर्वग्रह, की शाईचा हिशेब? चित्राकडे नुसतं बघून हे सांगता येत नाही. यालाच आपण कनफाउंडर म्हणतो: एकाच परिणामामागे दडलेलं दुसरं कारण.

दुसरी अडचण माझ्या वाक्याची. कृष्ण हे नावच मुळी ‘काळा’ या अर्थाचं, आणि चित्रात तो निळा! गडद रंगाचा देव निळा होतो आणि गडद रंगाचा असुर तपकिरी राहतो, हा प्रश्न ‘काळा म्हणजे वाईट’ यापेक्षा कितीतरी चांगला आहे. माझं तयार वाक्य धरून बसलो असतो, तर तो दिसलाच नसता.

तिसरं कारण योगायोग. सुपरमॅनचा शत्रू लेक्स ल्यूथर १९४० मध्ये आला तेव्हा त्याच्या डोक्यावर लाल केस होते. पुढच्याच वर्षी तो टकला झाला, आणि तो चित्रकाराच्या चुकीने झाला असं सांगतात. आज टक्कल हीच त्याची ओळख आहे. प्रत्येक बदलामागे विचारधारा असतेच असं नाही.

मग मोजायचं कसं?

२०१७ मध्ये ‘जामा डर्मेटॉलॉजी’त एक गमतीदार पण शिस्तीचा पेपर आला. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या यादीतले पहिले १० खलनायक आणि १० नायक घेऊन त्यांच्या त्वचेची तुलना केली. १० पैकी ६ खलनायकांत टक्कल, व्रण, चामखीळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं अशा खुणा आढळल्या. नायकांपेक्षा हे प्रमाण लक्षणीय जास्त. नमुना छोटा आहे आणि फक्त अमेरिकी सिनेमाचा आहे, पण लक्षणांची यादी स्पष्ट आहे. दुसरा कुणीही तेच पुन्हा तपासू शकतो.

तुम्ही करणार असाल तर:

१. ‘भयानक दिसतो’ हे चल नाही. सुळे आहेत की नाहीत, मिशी आहे की नाही, त्वचेची छटा ठरलेल्या रंगपट्टीवर कितवी, असं लिहा.

२. मूळ छापील अंक आणि पुनर्मुद्रण वेगळे नोंदवा. रंग बदललेले असू शकतात.

३. नायकांचीही तीच मोजणी करा. नाहीतर तुलना कशाशी?

४. दोघांनी स्वतंत्रपणे कोडिंग करा, आणि दुसऱ्याला तुमचं गृहीतक सांगू नका. मग कोहेनचा कप्पा काढा. दोघांनी नुसतं नाणं उडवलं तरी निम्म्या वेळा उत्तर जुळतंच. कप्पा ते नशिबाने जुळणं वजा करतो.

चौथा नियम माझ्यासारख्यांसाठी आहे. ज्याला लहानपणी राक्षस केलं, त्याला प्रत्येक पानावर तोच अन्याय दिसणार. त्या आठवणीमुळेच मला हा प्रश्न सुचला, म्हणून ती मी लपवत नाही. प्रस्तावनेत लिहितो. पण मोजताना रंगपट्टी माझ्या हातात असते आणि दुसरी दुसऱ्या कोडरच्या. शेवटी माझं वाक्य खरं निघालं तर त्याला वजन येईल. खोटं निघालं, तरी चाळीतला तो प्रसंग खोटा ठरत नाही.

तुमच्या विषयातलं तुमचं ‘तयार वाक्य’ कोणतं? आज वहीत लिहा, आणि त्याखाली लिहा की काय दिसलं तर तुम्ही ते खोडाल.