रिकामी टाकी

मुलांनो, मालेगाव हे यंत्रमागांचे गाव आहे. मुंबई-आग्रा महामार्ग येथूनच जातो. कापडाच्या गाठी वाहून नेणाऱ्या गाड्यांची येथे दिवसभर ये-जा असते. अशीच एक जुनी पिकअप गाडी आमच्या मोहल्ल्यातील गॅरेजात आली. तिची डिझेलची टाकी गंजून चाळणीसारखी झाली होती. गाडी जुनी असल्यामुळे तशी टाकी बाजारात मिळेना. सुट्टीचा दिवस होता, म्हणून मीही गॅरेजात बसलो होतो.

गॅरेजच्या मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांचा शागीर्द म्हणाला, "उस्ताद, टाकीत डिझेल उरलेले नाही. भोकांवर पत्रा ठेवून वेल्डिंग करू का?" आणि त्याने वेल्डिंगचा होल्डर हातात घेतलाही.

उस्ताद ओरडले, "थांब बेटा! आधी तो खाली ठेव."

"पण उस्ताद, टाकी तर रिकामी आहे!"

"डोळ्यांना रिकामी दिसते. आत काय आहे, ते दिसत नाही."

उस्तादांचे म्हणणे अगदी खरे होते. पेट्रोल किंवा डिझेल पेटते, तेव्हा प्रत्यक्षात त्याची हवेत मिसळलेली वाफ पेटते. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकाम्या टाकीत मात्र वाफ आणि हवा दोन्ही असतात. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असले, की एक ठिणगी पुरते. डिझेलची वाफ सहज होत नाही. पण वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याला चिकटलेल्या डिझेलचीही वाफ होते. बंद टाकीत ती पेटली, तर टाकी बाँबसारखी फुटते. टाकी नुसत्या पाण्याने धुऊनही भागत नाही, कारण सांध्यांच्या फटींत डिझेल राहतेच. म्हणून उस्तादांनी जुनी टाकी बाजूला ठेवली आणि नव्या पत्र्याची टाकी बनवायला घेतली.

प्रथम त्यांनी जुन्या टाकीची मापे घेतली. लांबी ७५, रुंदी ४० आणि उंची २० सेंटिमीटर भरली. यांचा गुणाकार ६०,००० घनसेंटिमीटर, म्हणजे ६० लिटर. नव्या टाकीची मापे आणि जागा त्यांनी तीच ठेवली. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे नोंदणीतील माहितीशी न जुळणारे फेरफार गाडीत परस्पर करता येत नाहीत.

पत्रा त्यांनी साधा पोलादी, सुमारे १.६ मिलिमीटर जाडीचा घेतला. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा गंजत नाही, मग तो का नको? कारण जस्ताचा डिझेलशी संयोग होऊन चिकट गाळ तयार होतो आणि फिल्टर तुंबतो.

टाकीच्या आत त्यांनी दोन आडवे पडदे बसवले. टाकीत ५७ लिटर डिझेल असले, तर त्याचे वजन सुमारे ४८ किलो होते. गाडीला अचानक ब्रेक लावला, की जडत्वामुळे हे सारे डिझेल एकदम पुढे आदळते. पडदे त्याचा जोर मोडतात. पडद्यांना भोके असतात आणि खालचे कोपरे कापलेले असतात, म्हणून डिझेल हळूहळू इकडून तिकडे जाऊ शकते.

इंजिनाकडे जाणारी नळी तळापासून एक-दीड सेंटिमीटर वर ठेवली. पाणी डिझेलपेक्षा जड असते. ते आणि गाळ तळाशी बसतात. ते काढून टाकण्यासाठी तळाला एक बूच बसवले. इंजिनात न वापरलेले डिझेल परत येण्यासाठी दुसरी नळी जोडली. वरच्या बाजूला हवेसाठी एक बारीक नळी ठेवली. तुम्ही तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले, तर तेल नीट पडत नाही. दुसरे भोक पाडावे लागते. टाकीचेही तसेच आहे. आत हवा गेली नाही, तर डिझेल बाहेर येणार नाही आणि गाडी रस्त्यातच बंद पडेल.

आता टाकी गळते की नाही, हे पाहायचे होते. सर्व तोंडे बंद करून सांध्यांवर साबणाचे पाणी लावले. शागीर्दाने मोठ्या कॉम्प्रेसरचा पाइप आणला. उस्तादांनी तो परत पाठवला आणि हातपंपाने थोडीशीच हवा भरली. एका चौरस सेंटिमीटरवर फक्त १०० ग्रॅम दाब असला, तरी टाकीच्या ३,००० चौरस सेंटिमीटरच्या वरच्या पत्र्यावर एकूण ३०० किलोचा भार येतो! एका सांध्यावर बुडबुडे दिसले. उस्तादांनी हवा सोडून दिली आणि तो सांधा पुन्हा जोडला. या टाकीला अजून डिझेल लागलेच नव्हते, म्हणून तसे करता आले. शेवटी रबरी पट्ट्या घालून टाकी गाडीला घट्ट बांधली. सायलेन्सरची तापणारी नळी तिच्यापासून दूर राहील, हेही पाहिले.

जुनी टाकी भंगारवाल्याकडे जायची होती. शागीर्द म्हणाला, "उस्ताद, तो तर ती गॅसने कापेल!"

उस्तादांनी त्याची पाठ थोपटली आणि त्याच्या हाती रंगाचा डबा दिला. त्याने टाकीवर मोठ्या अक्षरांत उर्दूत सूचना लिहिली. मग तो माझ्याकडे वळला. "सर, वाचणारा मराठी असला तर? मराठीत कसे लिहू?"

मी सांगितले आणि त्याने लिहिले : 'खबरदार! यात डिझेल होते. गॅसने कापू नका.'

'खबरदार' हा शब्द लिहिताना मात्र त्याला माझी मदत लागली नाही. तो तर त्याच्या ओळखीचाच होता.