सूर घशात घडतो

दोन-तीन वर्षं मन लावून क्लॅरिनेट शिकलेला विद्यार्थी समोर आला की मी त्याला तीनच सूर वाजवायला सांगतो. कागदावरचा मधला ए, त्याच्या वरचा बी फ्लॅट आणि लगेच बी. अंतर अर्ध्या-अर्ध्या सुराचं. ए आणि बी फ्लॅटला जवळजवळ सगळी भोकं उघडी असतात, वाद्य हातात नुसतं टेकलेलं असतं. बी वाजवायचा तर सहा बोटं, डावा अंगठा आणि एक करंगळी एकाच क्षणी बसायला हवीत. एक बोट जरी केसभर तिरकं पडलं तरी सूर चिरकतो.

याचं कारण नळीत आहे. क्लॅरिनेटची नळी बहुतेक लांबीभर सारख्याच रुंदीची असते आणि तोंडाच्या बाजूने ती बंद नळीसारखी वागते. अशा नळीत मूळ सुराचे विषम स्वरांश तेवढे जोरकस उमटतात. मंद्र सा वाजत असताना अंगठ्याजवळची रजिस्टर की दाबली, तर मध्य सा मिळत नाही, सूर थेट मध्य पंचमावर उडी घेतो. सॅक्सोफोनची नळी शंकूसारखी रुंदावत जाते. तिथे तीच कृती मध्य सा देते, त्यामुळे सप्तक बदललं तरी बोटं बहुतेक तीच राहतात. क्लॅरिनेटवर मात्र बोटांची ठेवण पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याआधी १९ सूर वेगवेगळ्या बोटांनी काढावे लागतात. आपले तीन सूर नेमके त्या सांध्यावर येतात.

उपाय सोपा आहे. ए आणि बी फ्लॅट वाजतानाच उजव्या हाताची बोटं आधी बसवून ठेवायची. त्याने सूर फारसा हलत नाही, उलट एरवी फिका वाजणारा बी फ्लॅट जरा भरदार होतो. आठवडाभर अगदी संथ लयीत हे केलं की सांधा बुजायला लागतो.

इथवर बोटांचं काम. मला खरी कळकळ आहे ती पुढच्या भागाची, कारण चांगले हात असलेली मुलं तिथेच अडकतात. वरचे सूर लागेनात की ती जबडा आवळतात. रीडवर दाब वाढतो, सूर चढतो, आवाज पातळ होतो आणि खालच्या ओठावर दातांचे वळ उमटतात. मग जास्त जाड रीड घेतलं जातं, ते वाजवायला आणखी आवळावं लागतं.

वरच्या सुराची वाट जिभेच्या मागच्या भागातून आणि घशातून जाते. ते पटवायला मी सॅक्सोफोन घेतो. सगळ्या किल्ल्या मिटून सर्वांत खालचा बी फ्लॅट धरायचा. तो आपला सा. आता बोट हलवायचं नाही, ऑक्टेव्ह की दाबायची नाही, जबडा जागच्या जागी. आतल्या आत ‘ऑ’ म्हणताना असते तशी असलेली जीभ ‘ई’च्या जागेकडे न्यायची. पहिल्या दिवशी बहुधा नुसती घरघर येते. पुढे केव्हातरी त्याच बोटांतून वरचा सा निसटून येतो. मग त्याच्यावरचा पंचम, पुन्हा सा, मग गंधार. उडी मारण्याआधी तो सूर मनात ऐकू आला पाहिजे. मी तर गाऊनच दाखवायला लावतो, कारण ज्याला तो गाता येतो त्याची जीभ निम्मी तरी तिथे पोचलेली असते.

याचं मोजमापही झालं आहे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या चेन, स्मिथ आणि वुल्फ यांनी वाजवणाऱ्याच्या तोंडातला अनुनाद मोजला आणि २००८ मध्ये तो ‘सायन्स’ नियतकालिकात मांडला. अनुभवी सॅक्सोफोनवादक अतितार सुरांसाठी घसा आणि तोंड त्या सुराच्या जवळ जुळवून घेत होते. नवख्यांना ते जमत नव्हतं आणि ते सूरही लागत नव्हते.

मींड याच कौशल्यातून येते. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये गर्शविनच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’च्या पहिल्या प्रयोगाची तयारी चालू असताना रॉस गॉर्मन या क्लॅरिनेटवादकाने सुरुवातीच्या चढत्या सुरावटीची सलग मींड करून टाकली, आणि ती कायमची त्या रचनेची ओळख झाली. क्लॅरिनेटच्या मुख्य भोकांवर बोटं थेट टेकतात, म्हणून ती सावकाश सरकवत उघडता येतात. तरीही नुसत्या बोटांनी सूर पायरी-पायरीनेच चढतो, त्याला सलग ओढून नेतो तो घसा.

सॅक्सोफोनवर बोट आणि भोक यांच्या मध्ये गादीची किल्ली असते, सरकवायला जागाच नाही. त्या वाद्यावर मंगळूरच्या कद्री गोपालनाथांनी कर्नाटक संगीतातली गमकं वाजवली. ते ऐकताना बोटांकडे लक्ष न देता दोन सुरांमधली जागा ऐकावी.

घरी करून पाहायचं असेल तर नेहमीच्या बी फ्लॅट क्लॅरिनेटवर कागदावरचा तार सप्तकातला सी धरा. तो ऐकू येतो बी फ्लॅट, म्हणून तानपुऱ्यावर बी फ्लॅट लावा. बोटं तशीच ठेवून नुसत्या जिभेने सूर अर्धा सूर खाली, कागदावरच्या बी पर्यंत, ओढा आणि परत वर आणा. खालच्या सप्तकात हे करायला जाऊ नका, तिथला सूर जेमतेम हलतो. उतरणं लवकर जमतं. परत येताना तानपुऱ्यात नेमकं मिसळायला मला स्वतःला कित्येक महिने लागले, आणि अजूनही रोजच्या रियाजातली पहिली दहा मिनिटं मी त्यालाच देतो.