चहातली गोड गोळी आणि वजन

पौड-पिरंगुटच्या मेडिकलमधून बिनसाखरेच्या गोळ्यांची डबी आणून "आता वजन उतरेल" म्हणणाऱ्या आपल्यात बऱ्याच जणी आहेत. चमचाभर साखरेत साधारण २० कॅलरी. चार कप चहा, दोन-दोन चमचे, म्हणजे १६० वाचल्या. पण त्याच भरवशावर दोन खारी जास्त खाल्ल्या, तर वाचलं काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं, की वजन कमी करण्यासाठी या गोळ्या वापरू नका. वर्षानुवर्षं घेतल्यास मधुमेह, हृदयविकाराचा धोका वाढू शकतो. मात्र ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांच्यासाठी हा सल्ला नाही. त्यांनी गोळी सोडून साखरेकडे वळू नये, डॉक्टरांना विचारावं. लहान मुलांना तर गोळी नकोच.

मी म्हणेन, दर आठवड्याला अर्धा चमचा साखर कमी करा. जिभेला हळूहळू सवय होते.