वायरीचा रंग ओळखा, जीव सांभाळा

जयसिंगपूरच्या बाजारात खत-बियाणे घेऊन झाले, की आपण विजेच्या दुकानात शिरतो आणि म्हणतो, "दहा मीटर वायर द्या." दुकानदार विचारतो, "रंग कुठला?" आपण म्हणतो, "कुठला का असेना, वीज तर जाणार ना!" वीज जाते, हे खरे. पण उद्या तो बोर्ड उघडणाऱ्या माणसाला आत काय आहे, हे कोण सांगणार? ते सांगण्यासाठीच रंग असतो.

आपल्याकडची रीत साधी आहे. तीन फेजना लाल, पिवळा आणि निळा, न्यूट्रलला काळा, अर्थिंगला हिरवा किंवा हिरव्यावर पिवळा पट्टा. घरातल्या दिव्या-पंख्याला एक फेज आणि न्यूट्रल मिळून सुमारे २३० व्होल्ट मिळतात. विहिरीवरच्या थ्री फेज मोटारीला तिन्ही फेज लागतात आणि त्यांतल्या कोणत्याही दोन फेजमध्ये सुमारे ४१५ व्होल्टचा दाब असतो.

घोटाळा होतो तो एकाच रंगाला दोन अर्थ असतात तेथे. मिक्सर, इस्त्री यांच्या दोरीत पुष्कळदा तपकिरी वायर फेजची आणि निळी न्यूट्रलची असते. ही युरोपातली पद्धत. ब्रिटननेही आपला जुना लाल-काळा रंग सोडून २००४ साली ती स्वीकारली. पण मोटारीच्या केबलमधली निळी वायर म्हणजे पुरी फेज! घरातल्या सवयीने तिला न्यूट्रल समजून हात लावला, तर अनर्थ ठरलेला.

आता शेतात सौर पंप आले. त्यांच्या पॅनेलच्या वायरी लाल आणि काळ्या असतात, लाल धन, काळी ऋण. येथली काळी वायर न्यूट्रल नव्हे. एका पॅनेलचा दाब थोडा वाटतो, पण अनेक पॅनेल एकापुढे एक जोडली की तो शेकड्यांत जातो. आणि सूर्य असेपर्यंत ही वीज चालू! महावितरणची लाईन गेली, म्हणून पॅनेल निर्धास्त समजू नका. आपल्या लाईनची वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी लवकर विझते. पॅनेलची वीज तशी शून्यावर येत नाही, ठिणगी पेटतच राहते. म्हणून तिकडे डीसीचाच स्विच हवा, घरातला साधा स्विच चालत नाही.

आपल्या शिरोळ तालुक्याला हे अधिकच लागू. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेचे पाणी घराघरांत शिरले. पूर येणार म्हटले की स्टार्टर आणि मोटार काढून वर ठेवायची, ओसरला की पुन्हा जोडायची. त्या घाईत दोन फेज अदलाबदल झाल्या, तर मोटार उलटी फिरते आणि पाणी नीट चढत नाही. हे नुकसान भरून निघते. पण हिरव्या वायरीच्या जागी फेज जोडली गेली, तर मोटारीच्या अंगातच वीज उतरते. ओल्या जमिनीवर उभ्या माणसाला मग दुसरी संधी मिळत नाही.

म्हणून एवढे करा. घर, मोटार आणि सौर यांच्या वायरी वेगवेगळ्या पाइपांतून न्या आणि प्रत्येक पाइपावर रंगाने लिहा: "घर २३०", "मोटार ४१५", "सौर". हिरवी वायर अर्थिंगखेरीज कशालाही वापरू नका. रंगाची वायर मिळाली नाही, तर दोन्ही टोकांना त्या रंगाची चिकटपट्टी गुंडाळा. मात्र रंगावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आधीच्याने चूक केलेली असू शकते. मेन स्विच बंद करून, परवानाधारक वायरमनकडून तपासून मगच काम करून घ्या. बोर्डाच्या दाराआत रंगांची यादी चिकटवून ठेवा, म्हणजे घरच्या लक्ष्मीलाही कळेल.

चार रुपये वाचवायला हाताला लागेल ती वायर जोडू नका. तुम्ही आज लावलेला रंग उद्या तुमच्याच मुलाच्या हाताला सावध करणार आहे.