टाकीचा इशारा आणि सुट्या भागांची निवड

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील शाळांच्या आणि गृहनिर्माण संस्थांच्या गच्च्यांवरून भरलेल्या टाकीचे पाणी खाली वाहत असल्याचे दृश्य कोणास नवीन नाही. उल्हास, भातसा आणि बारवी यांच्या पाण्यावर विसंबून असलेल्या या वस्तीत एकीकडे उन्हाळ्यात पाणीकपात सोसावी लागते आणि दुसरीकडे पंप वेळेवर बंद न झाल्यामुळे पाणी गटारात जाते. टाकी भरताच घंटी वाजविणारे लहानसे सर्किट हा यावरील सोपा उपाय होय. विज्ञान प्रदर्शनांत ते नेहमीच मांडले जाते. तथापि प्रदर्शनात बक्षीस मिळविलेले हे उपकरण प्रत्यक्ष टाकीवर बसविल्यावर मात्र पहिल्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही, असा पुष्कळ शिक्षकांचा अनुभव आहे. दोष कल्पनेचा नसतो. तो बहुधा सुट्या भागांच्या निवडीचा असतो.

नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानाखाली २०१६ पासून निवडक शाळांत अटल टिंकरिंग लॅब स्थापन होऊ लागल्या. तेथे तयार संच उपलब्ध असतात व त्यांचा उपयोगही आहे. परंतु संचातील भाग आधीच कोणी तरी निवडलेले असल्याने, हाच भाग का घेतला, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उद्भवतच नाही. म्हणून एकदा तरी यादी करून बाजारात जावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या भागातील रहिवाशांना दादरला गाडी बदलून ग्रँट रोड स्थानकावर उतरता येते. तेथून जवळच लॅमिंग्टन रोड, म्हणजे अधिकृत नावाने डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आहे. दुकानदार मागाल तो भाग काढून देतो. काय मागावयाचे, हे मात्र घरूनच ठरवून निघावे लागते.

सर्वप्रथम विजेचा पुरवठा ठरवावा. घरातील २३० व्होल्ट विद्यार्थ्याच्या बोर्डावर मुळीच आणू नयेत. भारतीय मानक ब्युरोची नोंदणी-खूण असलेला १२ व्होल्टचा तयार ॲडॅप्टर घेतला की हा धोका बोर्डाबाहेरच राहतो. ज्यांना जुन्या पद्धतीने ट्रान्सफॉर्मर व चार डायोड वापरून पुरवठा करावयाचा असेल त्यांनी तो जाणकाराच्या देखरेखीखालीच करावा व एक हिशेब ध्यानात ठेवावा. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट हे प्रत्यावर्ती दाबाचे परिणामी मूल्य असते. त्याचा शिखर-दाब सुमारे १७ व्होल्ट असतो. डायोडमध्ये साधारण १.४ व्होल्ट गेले तरी कपॅसिटरवर साडेपंधरा व्होल्ट पडतात. भार हलका असेल किंवा वाहिनीचा दाब वाढला तर हा आकडा आणखी चढतो. "१२ चा ट्रान्सफॉर्मर, मग १६ चा कपॅसिटर पुरे", हा विचार येथे फसतो. किमान २५ व्होल्टचा कपॅसिटर घ्यावा. पत्र्याच्या छपराखालील टाकीजवळ बोर्ड बसणार असेल तर ८५ अंशांऐवजी १०५ अंश तापमानाचा मागावा. सर्वसाधारण नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की या जातीच्या कपॅसिटरचे आयुष्य निम्म्यावर येते. त्याची ऋण बाजू आवरणावरील पट्ट्याने दर्शविलेली असते. ती उलटी जोडल्यास तो फुटू शकतो.

रेझिस्टरच्या बाबतीत फार खल करण्याचे कारण नाही. तांबडा एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो, उरलेले १० व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. १० मिलिॲम्पिअर प्रवाह हवा तर १००० ओहम येतात. तपकिरी, काळा, तांबडा, हे त्याचे पट्टे. त्यात खर्च होणारी शक्ती एक-दशांश वॉट, तेव्हा पाव वॉटचा साधा रेझिस्टर चालतो.

खरी कसोटी ट्रान्झिस्टरची. बीसी ५४७ हा स्वस्त व सर्वत्र मिळणारा ट्रान्झिस्टर. त्याची प्रवाहमर्यादा १०० मिलिॲम्पिअर आहे. लहान बझरसाठी तो पुरेसा होतो. परंतु बझरऐवजी रिले लावावयाचा झाल्यास आधी रिलेच्या वेटोळ्याचा रोध पाहावा. १२ व्होल्टच्या लहान रिलेत तो ४०० ओहमच्या आसपास असतो, म्हणजे प्रवाह ३० मिलिॲम्पिअर. हे बीसी ५४७ ला झेपते. ५ व्होल्टच्या रिलेत रोध ७० ओहमच्या जवळपास असल्याने प्रवाह ७० पर्यंत जातो व ट्रान्झिस्टर मर्यादेच्या निकट येतो. अशा वेळी ८०० मिलिॲम्पिअरपर्यंत चालणारा बीसी ३३७ घ्यावा. किमतीत नाव घेण्याजोगा फरक नाही. पाण्यातून बेसपर्यंत येणारा प्रवाह अत्यल्प असतो, यास्तव दोन ट्रान्झिस्टर एकापुढे एक जोडण्याची पद्धत पत्करावी. रिलेच्या वेटोळ्यावर उलट दिशेने एक १एन ४००७ डायोड जोडणे मात्र विसरू नये. रिले सुटताना वेटोळ्यात उत्पन्न होणारा दाब त्यावाचून ट्रान्झिस्टर जाळतो. पायांचा क्रम प्रत्येक ट्रान्झिस्टरचा सारखा नसतो, म्हणून दुकानातून उठण्यापूर्वी भागाचे माहितीपत्रक पाहून घ्यावे.

पाण्यात सोडावयाच्या तारांकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि उपकरण बंद पडते ते पुष्कळदा तेथेच. एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाने धन बाजूची तांब्याची तार पाण्यात झिजत जाते व तिच्यावर हिरवट थर चढतो. स्टेनलेस स्टीलच्या सळ्या वापराव्यात आणि बेसच्या वाटेत मोठा रेझिस्टर ठेवून प्रवाह कमीत कमी राखावा. खाडीकाठच्या ठाण्यात आणि कोकणच्या पावसात दमट हवा बोर्डावरील तांब्यालाही सोडत नाही; डाख दिल्यावर बोर्ड स्वच्छ पुसून त्यावर वॉर्निश अथवा लॅकरचा हात द्यावा. डाखात शिसे असते. काम संपताच मुलांनी साबणाने हात धुवावेत, खिडक्या उघड्या असाव्यात. तांबे खरवडण्यासाठी वापरलेला फेरिक क्लोराईडचा द्राव मोरीत ओतू नये. तो प्लास्टिकच्या बरणीत, नाव लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा.

रिले लावला की पंप आपोआप बंद करण्याचा मोह होतो. येथे शाळेच्या व्यवस्थापनाने आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी कठोर राहावे. लहान रिलेवर छापलेले १० ॲम्पिअर हे साध्या, न फिरणाऱ्या भारासाठी असतात. एक अश्वशक्तीची मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढते; त्याने रिलेची टोके चिकटून बसतात, आणि मग टाकी भरली तरी पंप थांबत नाही. रिलेने मोटरच्या स्टार्टरमधील कॉन्टॅक्टर चालवावा, व ही जोडणी परवानाधारक तारतंत्र्याकडूनच, अर्थिंग व गळती-प्रवाह रोधक स्विच तपासून, करून घ्यावी. हे शक्य नसेल तेथे बझरवरच थांबावे. बझर वाजला की शिपायाने जाऊन स्विच बंद करावयाचा, एवढी व्यवस्था प्रारंभी पुरेशी आहे. बझरची तार मात्र गच्चीवरून खाली, कोणीतरी बसते त्या खोलीपर्यंत आणावी.